होडी घेशील रे, पण बांधशील कुठे?

पहिली बाइक झाली, पहिली कार झाली, फ्लॅटचा ईएमआयही सुरू झाला. आता पुढे काय? सावंगीतल्या एका मित्राच्या डोक्यात मोटरबोट शिरली आणि आमची अख्खी दिवाळीची सुट्टी पाण्यात गेली. अक्षरशः!

रविवारची रात्र. मेसमधली पनीरची भाजी संपलेली. टेबलावर आम्ही पाच जण आणि मध्ये एक मोबाइल. मोबाइलवर फोटो होता चौदा फुटी फायबरच्या बोटीचा. सेकंडहॅण्ड. मागे पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन.

"घेऊन टाकू का?" मित्राने विचारलं.

त्यावर आमच्यातल्या अस्सल वऱ्हाडी मेंबरची रिअॅक्शन ऐकण्यासारखी होती. "अबे, इथं नळाला पाणी नाही येऊन राहिलं अन् हा बोट घेऊन राहिला!"

तसा त्याचा मुद्दा बरोबर होता. सावंगी (मेघे) म्हणजे वर्ध्याला खेटून असलेलं गाव. मेडिकल कॉलेज, मोठं हॉस्पिटल, हॉस्टेलं, झेरॉक्सची दुकानं आणि उन्हाळ्यात पंचेचाळिसाला टेकणारा पारा. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने साधारण ७६० किलोमीटरवर. इथल्या तरुण डॉक्टरांची आणि लेक्चरर मंडळींची स्वप्नं म्हणजे बुलेट, एसयूव्ही, फार तर नागपूरला टू बीएचके. बोट म्हणजे एकदम सिलॅबसच्या बाहेरची गोष्ट.

पण ज्याने फोटो दाखवला तो आमचा मालवणी. इथे फिजिओथेरपी शिकवतो, सहा वर्षांपासून विदर्भात आहे, तर्रीवाले पोहे आमच्यापेक्षा जास्त खातो. पण माणूस समुद्राचाच. त्याच्या बाबांची मासेमारीची छोटी होडी होती. गुडघे गेले तशी मार्च महिन्यात त्यांनी ती विकली. पोराने आनंदाच्या भरात रात्रीच घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून काका एकच वाक्य बोलले.

"होडी कोणय घेता. बांधतलंस खंय, ता आधी सांग."

पुढचा दीड महिना आम्ही त्या एका प्रश्नामागे फिरत होतो.

पाण्यातलं पार्किंग

गाडी घेताना आपण मायलेज बघतो, कलर बघतो, म्युझिक सिस्टिम बघतो. पार्किंग सोसायटीत मिळतंच, नाहीतर रस्ता आहेच. बोटीचं उलटं आहे. बोट कुणीही विकतो, ती उभी कुठे राहणार हे कुणी सांगत नाही. चोवीस तासांच्या दिवसात हौशी माणसाची बोट फार तर दोन तास चालते आणि तीही शनिवार-रविवारी. बाकी सगळा वेळ ती बांधलेली असते. म्हणजे खरं तर तुम्ही बोट घेत नसता, बांधून ठेवायची एक वस्तू घेत असता.

जगभरातले बोटवाले याला मूरिंग म्हणतात. पाण्याच्या तळाशी एक जड वजन. त्याला साखळी, साखळीला फिरती कडी, वर तरंगणारा बोया आणि बोयाला तुमची होडी. ऐकायला सोपं. पण गणित केलं की डोळे पांढरे होतात.

समजा, भरतीला पाणी चार मीटर खोल आहे. साखळी खोलीच्या तिप्पट हवी, म्हणजे बारा मीटर. ती आखूड ठेवली तर लाटेबरोबर होडी वर उचलली जाते आणि वजनालाही वर खेचते. आता वारा आणि प्रवाह फिरला की होडी त्या वजनाभोवती गोल फिरणार. बारा मीटर साखळी अधिक चार मीटर होडी, असं सोळा मीटर त्रिज्येचं वर्तुळ. क्षेत्रफळ काढा: आठशे चौरस मीटर, म्हणजे साडेआठ हजार स्क्वेअर फूट! साडेआठशे फुटांचे दहा फ्लॅट मावतील एवढी जागा एका चौदा फुटी होडीला. त्या वर्तुळात दुसऱ्याची होडी आली की रात्री धडाधड टकरा.

म्हणून तर इंग्लंडसारख्या देशात लोकप्रिय बंदरांमध्ये मूरिंगसाठी वर्षानुवर्षांच्या वेटिंग लिस्ट असतात. आपल्याकडे लिस्टच नाही. लिस्ट नाही म्हणजे जागा आहे, असा अर्थ आम्ही काढला. तो चुकला.

आधी घरचं पाणी

मालवणीचा पहिला प्लॅन झकास होता. होडी इथेच आणायची, जवळच्या एखाद्या धरणावर ठेवायची आणि वीकएण्डला भुर्रकन फेरी! मालवण वर्षातून दोनदा होतं, सावंगीत आपण रोज असतो.

त्यामुळे आम्ही दोन रविवार बाइकवर घालवले. पवनारला धाम नदी आहे, विनोबांच्या आश्रमाखालचं ते पात्र सुंदर आहे. पण पावसाळा सोडला तर त्यात इंजिनच्या पंख्यापेक्षा खडकच जास्त. बोर धरणाचं पाणी बघून मालवणीचे डोळे चमकले. पण बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. क्षेत्रफळाने देशातल्या अगदी छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघाच्या शेजारी पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन घुर्रघुर्र करणार, आणि वनखातं टाळ्या वाजवणार? विषय संपला.

उरली ती बाकीची धरणं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. धरणाचं पाणी पाटबंधारेवाल्यांचं, मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेचा आणि काठची जमीन कधी वनखात्याची, कधी शेतकऱ्याची. तुमची हौस या तिघांच्या मध्ये कुठेच बसत नाही. एका कार्यालयात आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा तिथले बाबू बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, नौकेचा अपघात झाला म्हणून कागद येतात. नौका ठेवू का म्हणून हा पहिलाच."

हसू आलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळ वेणा जलाशयात तरुण मुलांची होडी उलटली, सेल्फीच्या नादात. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव बुडून एकाच नात्यागोत्यातले अकरा जण गेले. मे २०२४ मध्ये उजनीत वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. कुठल्या अधिकाऱ्याने कशाला सही करावी?

आणि समजा, सही मिळालीच, तरी धरणावर होडी बांधणं हे वेगळंच त्रांगडं आहे. समुद्राला रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या. धरणाला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी! ऑक्टोबरमध्ये पाणी काठोकाठ. मग कॅनॉल सुटतात, ऊन तापतं आणि मे महिन्यापर्यंत पाणी कितीतरी मीटर खाली. दिवाळीत काठावर बांधलेली होडी होळीला चिखलात पडलेली असते आणि पाणी दूर कुठेतरी चमकत असतं. काठावरचा भोई दर आठवड्याला आपली नाव थोडी पुढे सरकवतो, कारण तो रोज तिथे आहे. आपण आहोत ओपीडीत.

साताऱ्यात तापोळ्याला कोयनेच्या शिवसागरावर मोटरबोटी चालतात, आपल्याकडे रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग आहे. पण तिथे धंदा आहे, स्थानिक माणसं आहेत, रोजची देखरेख आहे. एकट्यादुकट्या हौशी माणसाला धरणावर होडी ठेवणं परवडेल, पण जमणार नाही, हे आमचं मत झालं.

मुंबईत काय होतं?

दिवाळीला विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकणकन्येने कुडाळ असा आमचा रूट ठरला होता. मध्ये मुंबईत एक दिवस. म्हटलं, सगळ्यात जास्त हौशी आणि सगळ्यात जास्त पैसा जिथे आहे तिथली स्थिती तरी बघू.

गेटवेच्या कठड्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात डोलणाऱ्या यॉट दिसतात ना, त्या सगळ्या बोयाला बांधलेल्या असतात. हीच ती मूरिंग. मागे रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, १८४६ सालचा. थोडक्यात, इथे बोटीची जागा क्लबच्या मेंबरशिपमधून जाते आणि मेंबरशिप कशातून जाते ते विचारू नका. शिवाय तुमची बोट किनाऱ्यापासून दूर पाण्यात. तिथपर्यंत जाणार कसे? दुसऱ्या छोट्या बोटीने! म्हणजे एका बोटीसाठी दोन बोटी, शिवाय सांभाळायला एक माणूस. मालवणीने हिशेब करणं तिथेच सोडलं.

कोचीला बोलघट्टी बेटावर केरळ पर्यटन महामंडळाचा मरिना आहे, जिथे तरंगत्या धक्क्याला बोट लावून सरळ चालत बाहेर येता येतं. मुंबईत तशा मरिनाची चर्चा अनेक वर्षांपासून होते आहे. गोव्यात नावशीला मरिनाचा प्रस्ताव आला तेव्हा मच्छीमार रस्त्यावर उतरले. मला दोन्ही बाजू कळतात. पण मरिना झाले तरी ते मोठ्या यॉटवाल्यांसाठी असणार हे उघड आहे. चौदा फुटी होडीवाल्याला तिथे फार तर फोटो काढता येईल.

मग मुंबईचे साधे हौशी लोक काय करतात? बहुतेक जण कोळीवाड्याशी दोस्ती करतात. मढ, वर्सोवा, गोराई, उत्तन इथल्या खाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नाखवांच्या होड्या नांगरलेल्या आहेत. तिथे कोणाच्या ओळखीने, कोणाच्या देखरेखीखाली कोपऱ्यात जागा मिळाली तर मिळाली. मुंबईत या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमारनगरला उतरले ते रबरी बोटीतून. त्यानंतर किनाऱ्यावर बेवारस दिसणारी छोटी मोटरबोट म्हणजे नुसती बोट राहिलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी यॉट लागली, आत तीन एके-४७ रायफली. अख्ख्या राज्यात हाय अलर्ट! नंतर कळलं, ती ओमानच्या बाजूला भर समुद्रात सोडून द्यावी लागलेली बोट वाहत वाहत आली होती. सांगायचा मुद्दा हा की, तुमच्या होडीवर नंबर हवा, कागद हवेत आणि आजूबाजूच्या लोकांना ती कोणाची हे माहीत हवं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

कागदांचं म्हणाल तर थोडक्यात असं. होडीला इंजिन लागलं की ती कायद्याच्या कक्षेत आली. खाड्या, नद्या, जलाशयांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. नोंदणी, सर्व्हे, विमा हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्रात हे काम मेरिटाइम बोर्ड बघतं. सेकंडहॅण्ड होडी घेताना नोंदणीचे कागद नसतील तर स्वस्त म्हणून भुलू नका. आमचा मालवणी भुलणार होता. फोटोतल्या बोटीचे कागद "होऊन जातील", असं विकणारा म्हणाला होता. ती बोट आम्ही सोडली.

ट्रेलरचा फण्डा

ट्रेनमध्ये मला एक आयडिया सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. होडी पाण्यात ठेवायचीच कशाला? ट्रेलरवर ठेवायची, घरासमोर! मुंबईकराकडे गाडीलाच जागा नाही, पण सावंगीत आपल्याकडे अंगण आहे, कडुलिंबाची सावली आहे. चौदा फुटी हलकी होडी दीडशे किलोच्या आसपास, पंधरा हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन पन्नास किलो. गाडीला जोडायची आणि निघायचं. समृद्धी महामार्ग वर्ध्याजवळूनच जातो आणि २०२५ च्या जूनपासून तो थेट ठाण्याच्या वेशीपर्यंत सुरू आहे. मूरिंगचा खर्च झिरो!

परदेशात बहुतेक लोकांची पहिली बोट अशीच अंगणात राहते. मालवणी शांतपणे ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, "उतरवणार कुठे?"

होडी ट्रेलरवरून पाण्यात उतरवायला पक्का उतार लागतो, जो ओहोटीलाही पाण्यापर्यंत पोचेल. आपल्या किनाऱ्यावर तो जिथे आहे तिथे मासळीचे टेम्पो उभे आहेत. पुळणीवर गाडी नेली की चाकं रुतलीच. ट्रेलरचीही आरटीओत वेगळी नोंदणी. आणि सावंगीहून किनाऱ्यापर्यंत ट्रेलर ओढत न्यायचा तर जाण्यायेण्यात अख्खा वीकएण्ड संपला. आयडिया वाईट नाही बरं का. तुम्ही अलिबाग किंवा रत्नागिरीत राहत असाल, चार दोस्त हात लावायला असतील, तर याहून स्वस्त काही नाही. हवेने फुगणारी तीन मीटरची बोट तर डिकीतच जाते. आमच्यासाठी मात्र बाद.

एवढं झाल्यावर मला राहवलं नाही. "अरे, मग सोड ना नाद. मालवणला गेल्यावर कोणाची तरी भाड्याने घे."

तेव्हा कुठे त्याने खरी गोष्ट सांगितली.

खुंट रिकामा आहे

बाबांनी होडी विकली, पण तिची जागा राहिली. कोळंबच्या खाडीत, घराच्या मागच्या बाजूला. तिथे त्याच्या आजोबांनी खुंट ठोकला होता, बाबांनी तो दोनदा बदलला. त्या जागेचा कागद कुठेच नाही. खाडी सरकारची. पण तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे की हा खुंट अमक्याचा. हा हक्क होडी बांधलेली असेतोवर. एक सीझन खुंट रिकामा राहिला तर कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या सीझनला तिथे दुसरी होडी दिसते आणि तेव्हाही कोणी काही बोलत नाही.

तिथे आधीच विचारणा झाली होती. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एकाला बोट ठेवायला जागा हवी होती. काकांनी दिवाळीपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. मालवणात आता किल्ल्याच्या फेऱ्या, स्कुबा, वॉटर स्पोर्ट्स असं सगळं जोरात आहे. या बोटींनाही रात्री कुठेतरी बांधून राहायचंच असतं आणि मालवणची मुख्य बाजू उघडी, खडकाळ. आडोसा पाहिजे तर खाडी. म्हणजे मागणी वाढली, खाडी तेवढीच!

"म्हणजे तुला बोट नकोच आहे?" मी विचारलं.

"हवी आहे रे. पण आधी जागा जाऊ द्यायची नाहीये."

सहा वर्षं मी याला ओळखतो आणि हे मला रोह्याच्या पुढे कुठेतरी कळत होतं.

काकांचा क्लास

काका पडवीत बसले होते, पाय लांब करून. पोराने वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "गुडघ्याक हात लावू नको, दुखता." मग माझ्याकडे बघून मराठीत, "तुमच्याकडे समुद्र नाही ना? बरं आहे. झोप तरी लागते."

त्या चार दिवसांत मूरिंगबद्दल जे शिकलो ते कुठल्याही क्लबात शिकलो नसतो.

पहिलं, जागा ओहोटीला बघायची, भरतीला नाही. भरतीला सगळी खाडी सुंदरच दिसते. पूर्ण ओहोटीला, तीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातल्या, काठावर उभं राहायचं. तेव्हा खडक कुठे, चिखल कुठे ते उघडं पडतं. मुंबईला उधाणात पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि स्वस्त जागा हवी तर अशी बघायची जिथे ओहोटीला होडी मऊ चिखलात बसेल. मोठी बोट असली जागा घेत नाही, तिचा तळ जातो. चौदा फुटी सपाट तळाच्या होडीला मात्र काही होत नाही. तोटा एकच. भरतीच्या आगेमागे दोन-अडीच तासच निघता येतं आणि परतही तेव्हाच यावं लागतं. मीटिंगसारखं आहे, वेळ पाळावी लागते.

वेळ कशी कळणार? माझ्या मोबाइलमध्ये अॅप होतं. काकांकडे तिथी. चालू पक्षातल्या तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. हा ठोकताळा मुंबईला जास्त जुळतो, मालवणला भरती त्याच्या आधी येते, तेवढं वजा करायचं. अॅप आणि काका यांच्यात फरक पडला वीसेक मिनिटांचा. काका म्हणाले, अॅप चुकतंय.

दुसरं, वजन. आमचं इंजिनीअरिंगचं ज्ञान इथे उघडं पडलं. शंभर किलोचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात शंभर किलोचा राहत नाही, जेमतेम सत्तावन्न किलोचा होतो. बाकीचं पाणी उचलून धरतं. लोखंड मात्र सत्त्याऐंशी टक्के वजन टिकवतं. म्हणून लोक जुनी इंजिनं, गाडीचे एक्सल वगैरे पाण्यात टाकतात. ते काकांना अजिबात पसंत नव्हतं. ऑइल खाडीत जातं आणि दुसऱ्याचं जाळं त्यात अडकून फाटतं. त्यांचा उपाय म्हणजे दोनशे लिटरचा जुना ड्रम, त्यात काँक्रीट, मध्ये जाड लोखंडी कडी. कोरडं वजन पावणेपाचशे किलोच्या पुढे, पाण्यात पावणेतीनशेच्या आसपास. सिमेंट लागलं दोन पोती. हे आमच्या अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात स्वस्त प्रकरण!

पावणेपाचशे किलो न्यायचे कसे, हा माझा प्रश्न. क्रेन? काका हसले. ओहोटीला ठोकळा काठावरच्या चिखलात ओतायचा, सुकू द्यायचा. मग दोन होड्या त्याच्या दोन्ही बाजूंना आणून वर आडवा वासा टाकायचा, ठोकळा वाशाला घट्ट बांधायचा आणि बसून राहायचं. भरती येते, होड्या उचलल्या जातात, ठोकळाही उचलला जातो. मग वल्ही मारत हवा तिथे न्यायचा आणि दोर सोडायचा. सगळं काम समुद्र करतो, फुकटात.

तिसरं, साडेआठ हजार स्क्वेअर फुटांचा प्रश्न. अरुंद खाडीत गोल फिरायची चैन नाही. तिथे होडी पुढे-मागे दोन्हीकडून बांधतात. पाण्यातल्या ठोकळ्याला एक कप्पी, काठावरच्या खुंटाला दुसरी आणि दोहोंमध्ये फिरता दोर, वाळत घालायच्या दोरीसारखा. काठावरून दोर ओढला की होडी आपल्याकडे येते, उलटा ओढला की खोल पाण्यात जाते. गोल फिरणं बंद, दुसऱ्या बोटीची गरज बंद. फक्त आजूबाजूच्या सगळ्यांच्या होड्या अशाच बांधलेल्या हव्यात, नाहीतर एक फिरणार आणि एक नाही, मग टक्कर ठरलेली.

काठावर कांदळवन आहे. फांदीला दोर बांधायचा मोह होतो, तो टाळायचा. कांदळवन तोडणं, त्यावर भराव टाकणं याला उच्च न्यायालयाने राज्यभर बंदी घातली आहे. २०१८ चा निकाल आहे. आणि न्यायालय बाजूला ठेवलं तरी वादळात वारा अडवणारी तीच झाडं आहेत. ठोकळा टाकण्याआधी बंदर कार्यालयात अर्ज देऊन ठेवायचा हेही काकांनीच सांगितलं. आम्हाला वाटलं होतं, जुना माणूस, कागदाला नाक मुरडेल. ते म्हणाले, "आजोबांच्या टायमाक सगळे वळखीचे होते. आता नाय."

आणि पावसाळा? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हौशी माणसानेही तेव्हा होडी पाण्यात ठेवायची नाही. वर ओढायची, इंजिन काढून घरात, वर ताडपत्री. म्हणजे मूरिंग लागतं आठ-नऊ महिने, बाकी काळ अंगण. हा खर्च लोक धरतच नाहीत. चार माणसांची मजुरी, दोनदा.

वादळाचं विचारलं तेव्हा काका थोडा वेळ बोलले नाहीत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात देवगडसारख्या सुरक्षित म्हटल्या जाणाऱ्या बंदरातही नौका बुडाल्या, खलाशी गेले. वादळाचा इशारा आला की एरवी लांबलांबच्या, अगदी गुजरातच्या बोटी आडोशाला देवगडात येतात. "दोर कितीय जाड घे," काका म्हणाले, "इशारो इलो की होडी वर ओढूक कोण येतलो, ता बघ. तू थंय सावंगीक."

यालाच मी मूरिंगचा खरा खर्च म्हणेन. साखळी, बोया, कप्पी यांचं बिल एका चांगल्या मोबाइलच्या आत बसतं. पण इशारा आल्यावर रात्री दोन वाजता तुमची होडी ओढणारा माणूस कुठल्या दुकानात मिळत नाही.

शेवटी ठरलं काय?

डॉल्फिनवाल्या मुलाला काकांनी घरी बोलावलं. माझी अपेक्षा होती जोरदार भांडणाची. तसं काही झालं नाही. चहा झाला, लाडू झाले. तो मुलगा पंचविशीतला, बीकॉम झालेला, बोटीवर कर्ज काढलेलं. त्याची बोट मोठी, तिला खाडीच्या मधला खोल पट्टा लागणार होता. काठाजवळचा चिखल तिच्या उपयोगाचा नव्हता. काकांची जागा हवी होती ती काठावरच्या खुंटासाठी. दोन तास बोलून असं ठरलं: काठाजवळ आमची छोटी होडी, दोर-कप्पीवर. तिच्या पुढे खोल पाण्यात त्याची बोट, वेगळ्या ठोकळ्यावर, तीही दोन्हीकडून बांधलेली. खुंट काकांचा. वादळाचा इशारा आला तर दोन्ही होड्या तो आणि त्याचे दोघे खलाशी वर घेणार. भाडं नाही.

मालवणीला हे चटकन पटलं नाही. रात्री तो मला म्हणाला, उद्या बाबा नसतील तेव्हा हा खुंट कोणाचा? कागद तर नाहीच. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. वकिलाकडेही नसावं. सावंगीत पगार, मालवणात खुंट, आणि मध्ये हजारभर किलोमीटर. तो त्या मुलावर विश्वास ठेवू शकतो, नाहीतर नोकरी सोडू शकतो.

मोटरबोट अजून आलेली नाही. कागद असलेली, बजेटमधली बघणं चालू आहे. इंजिन पंधराऐवजी दहाच्या आतलं घ्यायचं ठरलंय. पूर्ण वेगात पंधराचं टू स्ट्रोक तासाला सहा लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, हे पंपावरचा आकडा बघून जड जातं. दोघांसाठी लाइफ जॅकेट मात्र आधीच घेऊन झालीत. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या समुद्रात नीलकमल बोट बुडाली, त्यानंतर मालवणीच्या आईने घातलेली ती एकमेव अट.

ठोकळा मात्र आम्ही निघायच्या आदल्या दिवशी टाकला. काठावर चिखलात तो तीन दिवस सुकत होता. दोन होड्या शेजारच्यांच्या, वासा काकांच्या जुन्या मांडवाचा. भरतीची वाट बघत आम्ही दीड तास होडीत बसून होतो आणि माझा विश्वास नव्हता. मग वासा करकरला आणि चिखलातून फस्सकन आवाज आला. काका काठावरून हातवारे करत होते. वर केशरी बोया लागला आणि त्याला, जागा रिकामी दिसू नये म्हणून, शेजाऱ्यांची जुनी वल्ह्याची पगार बांधून ठेवली.

आता सावंगीत रोज सकाळी साडेसहाला त्याच्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो. तोच बोया, तीच पगार. खाली काकांचा मेसेज, फक्त तिथी. काल होतं, 'षष्ठी'. दुपारी चारला लेक्चर संपवून आम्ही चहाला उतरलो. टपरीवर त्याने घड्याळ बघितलं, मनात काहीतरी वजाबाकी केली आणि म्हणाला, "आता भरलं असेल पाणी."

वऱ्हाडी मेंबर म्हणाला, "लेका, आपल्या टाकीत बी भरलं का ते पाह्य पहिले."